विद्यापीठातले संगणक, त्यांची वीज आणि त्यांचं भंगार : नेमका हात कुठे घालायचा?

रानपिंपळ

नमस्कार मंडळी,

मी राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाच्या संगणक केंद्रात काम करतो. आमच्या सगळ्या संगणक यंत्रणेचा पर्यावरणावरचा भार कमी कसा करता येईल, यावर टिपण करून व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवायचं आहे. नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, निकषांत हरित लेखापरीक्षण, ऊर्जा लेखापरीक्षण, ई-कचरा हे सगळं येतंच, त्यामुळे फाइलला लावायचा अहवाल आमच्याकडे आहे. मला त्याच्या पुढचं हवंय. वीज खरोखर वाचली पाहिजे आणि यंत्रं खरोखर कमी फेकली गेली पाहिजेत.

प्रयोगशाळा आणि कार्यालयं मिळून साधारण सहाशे डेस्कटॉप आहेत. निम्म्याहून अधिक इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे. विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्या आणि विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. म्हणजे काल धडधाकट चालणारी शेकडो यंत्रं एका तारखेने कालबाह्य ठरली. ती सगळी एकदम बदलायचा प्रस्ताव तयार आहे आणि त्यात लिहिलंय की नवी यंत्रं कमी वीज खातात, म्हणून ही हरित खरेदी आहे. मला हे मनापासून पटत नाही, पण हिशोब मांडल्याशिवाय परिषदेत बोलता येणार नाही.

सर्व्हर रूममध्ये वेगवेगळ्या विभागांनी वेगवेगळ्या वर्षी घेतलेले सर्व्हर आहेत, एसी कायम १८ वर. आणि भांडारात निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून रीतसर काढून टाकण्याची, वाट बघत पडलेल्या सीपीयू-मॉनिटरांची रास छताला टेकली आहे.

ज्यांनी अशा ठिकाणी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया लिहा. 'कागद वाचवा' छापाच्या सूचना नकोत, त्या सगळ्यांना पाठ आहेत.

केळफूल

धागा काढलात हे फार बरं झालं. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे, वाचते आहे. सविस्तर नंतर लिहीन.

हिशोबनीस

> नवी यंत्रं कमी वीज खातात, म्हणून ही हरित खरेदी आहे

पहिला भाग खरा. दुसरा त्यातून आपोआप निघत नाही. ऊर्जा लेखापरीक्षण हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून जरा सविस्तर.

जुना डेस्कटॉप काही न करता नुसता चालू असेल तर मॉनिटर सोडून ४० वॅटच्या आसपास घेतो. आजचा छोटा डेस्कटॉप १५ वॅटमध्ये भागवतो. फरक २५ वॅटचा. प्रयोगशाळेतलं यंत्र दिवसाला ८ तास आणि वर्षाला २५० दिवस, म्हणजे २००० तास चालतं. वाचली ५० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका यंत्रामागे वर्षाला ३५ किलो वाचला.

आता नवं यंत्र घडवताना काय होतं ते पाहा. खाणीतल्या धातूपासून चिप, बोर्ड, मॉनिटरचं पॅनेल, जहाज आणि ट्रकपर्यंतचा सगळा कार्बन तुम्ही खोकं उघडण्याआधीच हवेत गेलेला असतो. मोठ्या कंपन्या बहुतेक मॉडेलचं कार्बन पत्रक जाहीर करतात, ते निविदेच्या वेळी मागून घ्या. मी इथे सीपीयू आणि मॉनिटर मिळून २५० किलो धरतो. ३५ ने भागा. सात वर्षांहून जास्त काळ लागतो नुसती बरोबरी व्हायला, आणि तोवर हे नवं यंत्रसुद्धा तुमच्या निर्लेखनाच्या यादीत आलेलं असेल.

पण हाच हिशोब चोवीस तास चालणाऱ्या यंत्रासाठी करा. २५ वॅट गुणिले ८७६० तास, २१९ युनिट, सुमारे १५३ किलो. दोन वर्षांच्या आत फिटतं.

म्हणून यंत्राचं वय विचारण्याआधी ते वर्षाला किती तास चालतं ते विचारा. कमी तास चालणारं ठेवा, दुरुस्त करा, मेमरी वाढवा, फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवा. अखंड चालणारं आधी बदला. युरोपातले लेख वाचून 'काहीच बदलू नका' असा निष्कर्ष काढू नका. फ्रान्समध्ये वीज बरीचशी अणुऊर्जेची, नॉर्वेत जवळपास सगळी जलविद्युत. तिथे वापरातला कार्बन इतका कमी असतो की उत्पादनाचाच वाटा मोठा दिसतो. आपली वीज मुख्यतः कोळशाची आहे. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ डोळ्यांसमोर ठेवून हिशोब करायला हवा.

माझे वॅटचे आकडे नमुन्याचे समजा. दोन चांगले वॅटमीटर विकत घ्या आणि तुमच्या प्रत्येक मॉडेलचं एकेक यंत्र आठवडाभर मोजा. परिषदेत स्वतः मोजलेला आकडा टिकतो.

वायरमन_नाशिक

हिशोबनीस, सुंदर मांडणी. यात रात्रीचा मुद्दा जोडतो.

२००० तास वजा केले तर वर्षाचे ६७६० तास उरतात. त्या वेळात चालू राहिलेला ४० वॅटचा सीपीयू २७० युनिट खातो, म्हणजे दिवसभराच्या कामाच्या तिपटीहून जास्त. सहाशेपैकी चौथा भाग जरी रात्री आणि सुट्टीत चालू राहत असेल, तर दीडशे यंत्रांची ४०,५०० युनिट होतात. दहा रुपये दराने चार लाख रुपये आणि २८ टन कार्बन. एकही यंत्र विकत न घेता हे वाचतं.

'बंद करून जा' अशा पाट्या लावून हे होत नाही. केंद्रीय धोरणाने करा: पंधरा मिनिटांत मॉनिटर झोपेल, अर्ध्या तासात यंत्र स्लीपमध्ये जाईल, रात्री नऊला प्रयोगशाळेतली यंत्रं आपोआप बंद होतील. स्क्रीनसेव्हरने वीज वाचते हा समज अजून आहे, तो घालवा. त्याने काहीही वाचत नाही.

संगणक केंद्राचे लोक म्हणतात की अपडेट रात्री टाकायचे असतात, म्हणून यंत्रं चालू ठेवावी लागतात. त्याला वेक-ऑन-लॅन आहे. नेटवर्कवरून इशारा गेला की यंत्र जागं होतं, अपडेट घेतं, पुन्हा बंद होतं. ऑक्सफर्ड विद्यापीठाने लो कार्बन आयसीटी प्रकल्पात २००० च्या दशकाच्या शेवटी याच कारणासाठी सगळ्या विद्यापीठाला वापरता येईल अशी वेक-ऑन-लॅन सेवा उभी केली होती. बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत) एक सेटिंग आणि स्विचमध्ये थोडी मांडणी, एवढंच काम आहे.

केळफूल

आता लिहिते. वायरमनदादांचं सगळं बरोबर आहे, पण प्रयोगशाळेतली वीज फक्त संगणकात जात नाही. आमच्याकडे एकेका लॅबला १० केव्हीए क्षमतेचा ऑनलाइन, म्हणजे सतत चालू राहणारा, यूपीएस आहे. सगळे संगणक बंद असले तरी तो स्वतः रात्रभर काहीशे वॅट घेत राहतो, खोली गरम करतो. मी संध्याकाळी आधी संगणक, मग यूपीएसचं आउटपुट, मग त्याचा इनपुट अशा क्रमाने बंद करायला लागले. बॅटऱ्या दिवसभरात चार्ज होतातच. फक्त मोठ्या सुट्टीत मधून मधून चार्जिंगला लावाव्या लागतात, नाहीतर त्या बसतात.

अडचण अशी की हे कोणाच्याच कर्तव्यसूचीत नाही. शिपाई बदलला, सहायक रजेवर गेली की पुन्हा सगळं चोवीस तास चालू. टिपणात 'कोणी करायचं' हे पदनामासकट लिहा, रानपिंपळ सर. आणि त्या माणसाला यूपीएसजवळ जाऊन काय दाबायचं याचं एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. चुकीच्या क्रमाने बंद केला की दुरुस्तीचा खर्च येतो आणि मग वरून तोंडी आदेश येतो, 'हात लावू नका'.

आणखी एक. माझ्या लॅबमधल्या जुन्या यंत्रांत एसएसडी बसवल्यावर विद्यार्थी 'नवीन आले का?' विचारत होते. नव्या संचाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ असतो. मुलांना हळू यंत्राचा राग येतो, जुन्याचा येत नाही.

सह्यवारा

सर्व्हर रूमबद्दल लिहितो, त्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

रानपिंपळ, तुमच्याकडची सर्वांत सोपी मोठी बचत त्या खोलीत आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा दोन प्रोसेसरचा सर्व्हर रिकामा बसूनही दीडशे-दोनशे वॅट घेतो. काम नसलं म्हणून त्याची वीज शून्याकडे जात नाही. आणि विभागांचे सर्व्हर बहुतेक वेळ रिकामेच असतात. प्रवेशाचं संकेतस्थळ जूनमध्ये धावतं, निकालाचं दोनदा, ग्रंथालयाचं आपलं संथ चालू.

असे दहा सर्व्हर म्हणजे २ किलोवॅट, वर्षाला १७,५२० युनिट. एसी आणि यूपीएस धरून जुन्या खोलीत हे जवळपास दुप्पट होतं, म्हणजे ३५,०००. तेच काम दोन नव्या सर्व्हरवर आभासी यंत्रं करून (एकाच सर्व्हरवर अनेक सर्व्हर चालवून) ठेवलं, दोन्ही मिळून ६०० वॅट धरले, तर सगळं मिळून साडेदहा हजार युनिट. प्रॉक्समॉक्ससारखी मुक्त प्रणाली वापरली की परवान्याचा खर्चही नाही. हिशोबनीस म्हणाले ते 'अखंड चालणारं आधी बदला' म्हणजे हेच.

विभागप्रमुख सर्व्हर सोडायला तयार होत नाहीत. 'आमचा सर्व्हर' ही भावना खोल असते, आणि त्यांच्या अनुदानातून घेतलेला असल्याने ते मनाला लागतं. त्यांना आधी चांगली सेवा द्या, रोजचा बॅकअप द्या, मग मागा. आदेश काढून सर्व्हर ओढून आणला तर पुढच्या वर्षी ते टेबलाखाली नवा ठेवतात आणि तो तुमच्या हिशोबातूनही निसटतो.

एसी १८ वर ठेवायची काहीच गरज नाही. आश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश अशी शिफारस केलेली आहे. लक्षात घ्या, तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी. आपण मोजतो भिंतीवर. आधी रॅकमधल्या रिकाम्या फटी ब्लँकिंग पॅनेल (कोऱ्या झाकणपट्ट्या) लावून बंद करा, म्हणजे मागची गरम हवा पुढे फिरून येत नाही. सगळे रॅक एकमेकांकडे तोंड करून उभे करा, एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडाशी नको. मग दर आठवड्याला एकेक अंश वाढवत २४-२५ पर्यंत जा आणि सर्व्हरचे स्वतःचे तापमान सेन्सर बघत राहा. ऊर्जा दक्षता ब्युरो खोलीच्या एसीसाठी एका अंशामागे सुमारे ६ टक्के बचत सांगतो. फक्त यूपीएसच्या बॅटऱ्या वेगळ्या, २५ अंशांच्या खोलीत ठेवा. शिसे-आम्लाची बॅटरी दर दहा अंशांना निम्मं आयुष्य गमावते.

आणि कोणीच न विचारणारी गोष्ट, गॅस. एसीत भरला जाणारा आर-४१०ए हा वायू वातावरणाला कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटीहून जास्त तापवतो. एसीतून वर्षात एक किलो गळला तर दोन टनांची भर पडली, म्हणजे तुमच्या जवळपास साठ लॅब संगणकांची वार्षिक बचत गेली. आर-३२ चा आकडा याच्या एक तृतीयांश आहे. देखभालीच्या करारात 'दरवर्षी गॅस भरणे' असं कलम असेल तर ते काढा. गॅस भरावा लागतोय याचा अर्थ कुठेतरी गळतोय. गळती शोधून बंद करणं हे करारात हवं.

म्युनिककर

उत्तम चर्चा. मी म्युनिकजवळ गार्शिंगला राहतो. इथलं लाइबनिट्झ संगणन केंद्र म्युनिकच्या दोन्ही मोठ्या विद्यापीठांना सेवा देतं. त्यांचा सुपरम्युक हा महासंगणक २०१२ मध्ये सुरू झाला तेव्हाच तो कोमट पाण्याने थंड करण्यासाठी बांधलेला होता. पाणी थेट प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्ट्यांमधून फिरायचं, आत जातानाच ते ४० अंशांच्या आसपास असू शकायचं, आणि बाहेर येणारी उष्णता हिवाळ्यात इमारतीत वापरायचे. मोठ्या कॉम्प्रेसरची गरज खूप कमी होते.

फिनलंडमध्ये कायानीला लुमी नावाचा महासंगणक जुन्या कागद कारखान्याच्या आवारात उभा आहे. तो जलविद्युतवर चालतो आणि गावाच्या घरांना उष्णता पुरवतो. इथल्या विद्यापीठांत यंत्र घेतानाच 'उष्णता कुठे जाणार' हा प्रश्न निविदेत असतो.

सह्यवारा

@म्युनिककर, धन्यवाद. आपल्याकडे घर तापवायला उष्णता नको, तरी कोमट पाण्याची युक्ती आपल्यालाच जास्त उपयोगी आहे. १८ अंशांची हवा पुण्यात एप्रिलमध्ये फक्त कॉम्प्रेसर देऊ शकतो. ४० अंशांचं पाणी मात्र बाहेरच्या ३५ अंशांच्या हवेवर साध्या पंख्यानेही गार होतं. विदर्भात मे महिन्यात जमणार नाही, पण वर्षातले बहुतेक महिने जमतं. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणक थेट द्रव-शीतनावरच आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्याकडे आलेली आहे. रानपिंपळांच्या दोन रॅकच्या खोलीला याची गरज नाही. ज्या विद्यापीठांत नव्या जीपीयू (एकाच वेळी प्रचंड आकडेमोड करणाऱ्या चिप) प्रयोगशाळा येताहेत त्यांनी मात्र इमारतीच्या नकाशापासून विचार करावा.

पाऊलवाट२३

मी एमएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पर्यावरण मंडळाने 'जुने ई-मेल डिलीट करा, पृथ्वी वाचवा' अशी मोहीम ठरवली आहे. त्याचा किती उपयोग होईल? रानपिंपळ सरांच्या टिपणात विद्यार्थ्यांचा वाटा काय असू शकतो?

हिशोबनीस

पाऊलवाट, तुमची तळमळ खरी आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: ती मोहीम करू नका. साठवलेला ई-मेल डिस्कवर नुसता पडून असतो. तो काढला म्हणून डिस्क फिरायची थांबत नाही. नेटवर्कमधले स्विच आणि राउटर रहदारी असो-नसो, जवळपास तेवढीच वीज घेतात. हजार मुलांनी तासभर बसून मेल काढले तर त्या तासात त्यांच्या संगणकांनी जास्त वीज खाल्लेली असेल. उलट 'आपण काहीतरी केलं' हे समाधान मिळून खरं काम मागे पडतं.

तुमच्या हातात असलेली मोठी गोष्ट म्हणजे गणन. प्रकल्पासाठी जीपीयू वापरता ना? आरटीएक्स ४०९० या जीपीयूची मर्यादा ४५० वॅट, डेटासेंटरमधल्या एच१०० ची ७०० वॅट. एआय मॉडेल शिकवायला रात्रभर लावलं आणि पहिल्याच तासात प्रोग्राम अडकला तरी यंत्र सकाळपर्यंत जागंच राहतं. लहान नमुन्यावर आधी चालवून बघा. प्रगती थांबली की शिकवणं आपोआप थांबेल अशी अट घाला. केंब्रिजच्या संशोधकांनी केलेलं ग्रीन अल्गोरिदम्स नावाचं गणनयंत्र संकेतस्थळावर मोफत आहे. प्रबंधात अचूकतेच्या शेजारी वापरलेली ऊर्जा लिहा. मार्गदर्शक विचारत नसले तरी लिहा.

पाऊलवाट२३

आभारी आहे सर. मंडळाच्या बैठकीत हे मांडते. मोहीम बदलून रात्री इमारतींमधून फिरून चालू संगणकांची मोजणी करायची असं सुचवणार आहे, विभागवार. ती आकडेवारी संगणक केंद्राला देता येईल.

वायरमन_नाशिक

पाऊलवाट, अतिशय उपयोगी काम होईल. कुलसचिवांची लेखी परवानगी आणि सोबत सुरक्षारक्षक घ्या. रात्री एकट्यादुकट्याने फिरू नका.

चिंचोके

मी विद्यापीठाच्या भांडार विभागातून निवृत्त झालो. भांडारातल्या राशीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ती रास आळसामुळे साठत नाही. डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, सीपीयू एका क्रमांकाने चढलेला असतो. त्यातली चांगली मेमरी किंवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) काढून दुसऱ्या यंत्रात टाकली की रजिस्टरवरची वस्तू अपूर्ण होते, आणि पुढच्या लेखापरीक्षणात आक्षेप येतो: 'सुटे भाग कुठे गेले?' उत्तर द्यायला ज्याची सही आहे तोच सापडतो. म्हणून शहाणा भांडारपाल बंद यंत्राला हात लावू देत नाही. एका इमारतीत एसएमपीएस जळाला म्हणून नवा संच मागवतात आणि शेजारच्या गोदामात पन्नास चालू एसएमपीएस गंजतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याचं वाईट वाटायचं.

यावर उपाय नियमातच आहे. निर्लेखन समितीने यंत्र निर्लेखित करताना 'सुटे भाग वापरात घ्यावेत' असा ठराव करायचा, भागांची स्वतंत्र नोंदवही उघडायची, कोणता भाग कोणत्या क्रमांकाच्या यंत्रात गेला ते लिहायचं. एक पान जास्त लिहावं लागतं, पण आक्षेप उरत नाही. समिती वर्षातून एकदा बसते ती तीन महिन्यांनी बसवा. रास वाढण्याचं खरं कारण ते आहे.

दुसरं, लिलाव. आपण सर्वाधिक बोलीला माल देतो. ई-कचऱ्यात हे चालत नाही.

पाणकणीस

चिंचोकेकाका, अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. मी ई-कचऱ्याच्या क्षेत्रात काम करते.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आर्थिक वर्षात कधीही यादीतली हजार किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरणारी संस्था त्यात मोठा ग्राहक ठरते. विद्यापीठात संगणक, प्रिंटर, फोन, एसी, दूरचित्रवाणी संच मोजायला घेतले की हजार केव्हाच ओलांडतात. अशा संस्थेने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच सोपवायचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी तपासता येते.

सर्वाधिक बोली सहसा कोणाची येते? ज्याला प्रक्रियेचा खर्चच नाही त्याची. दिल्लीचं सीलमपूर, मुरादाबादचा रामगंगा नदीकाठ, इथे काय चालतं हे अनेकदा छापून आलं आहे. तांब्यासाठी केबल उघड्यावर जाळतात, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात, उरलेलं पाणी नदीत. त्यात बायका-मुलं असतात. विद्यापीठाच्या खात्यात लिलावाचे जे चार पैसे जास्त आले, त्यांची किंमत त्यांच्या फुप्फुसांनी मोजलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे.

पाठवण्याआधी डिस्क पुसा. परीक्षा विभाग आणि आस्थापना यांच्या डिस्कमध्ये लोकांचं आयुष्य असतं. या भीतीने काही ठिकाणी चांगल्या डिस्कही फोडतात. फिरत्या डिस्कसाठी एनवाइप हे मुक्त साधन पुरेसं आहे, एसएसडीला तिची स्वतःची सिक्युअर इरेज आज्ञा द्यायची. पुसल्याचं प्रमाणपत्र फाइलला लावा आणि डिस्क पुन्हा वापरा. परीक्षा विभागाच्याच हव्या तर फोडा.

यूपीएसच्या बॅटऱ्यांना वेगळे, २०२२ चेच बॅटरी कचरा नियम आहेत. त्या ई-कचऱ्याच्या ढिगात मिसळू देऊ नका.

गोंयचोपावस

मडगावहून. विंडोजचा प्रश्न सुटल्याशिवाय जुनी यंत्रं कशी वाचवणार? सुरक्षा सुधारणा न मिळणारं यंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर ठेवणं धोक्याचं आहे, त्यात तडजोड नको.

माझं मत: प्रयोगशाळांत लिनक्स. पायथन, सी, जावा, लॅटेक, सायलॅब हे सगळं तिथे चालतं. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प नेमकं हेच काम करतो, आणि आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल मालिकेत मराठीतूनही धडे आहेत. अभ्यासक्रमात अजून कुठे टर्बो सी हे डॉसच्या काळातलं साधन असेल तर अभ्यास मंडळाला पत्र द्या. केरळमध्ये शाळांचे संगणक वर्षानुवर्षं लिनक्सवर चालताहेत, मग विद्यापीठाला का जमू नये?

केळफूल

लॅबमध्ये जमतं, आमच्याकडे जमलंय. कार्यालयात तसं नाही. आस्थापना विभागाच्या जुन्या फाइली आयएसएम आणि श्रीलिपी या मराठी टंकन प्रणालींच्या, युनिकोड ही आजची प्रमाण पद्धत येण्याआधीच्या फाँटमध्ये आहेत. लिनक्सवर उघडल्या की अक्षरांऐवजी चिन्हं दिसतात. त्या बायका वीस वर्षं त्याच कळफलकावर टंकलेखन करताहेत. त्यांना एका सोमवारी 'आता हे वापरा' म्हणणं बरोबर नाही. कार्यालयांना आठव्या पिढीपुढची यंत्रं द्या, लॅबमधली हलवून. लॅबला जुनी आणि लिनक्स. नवीन खरेदी मग फारच थोडी उरते.

गोंयचोपावस

ही अदलाबदल मला सुचली नव्हती, एकदम मान्य. ज्या थोड्या यंत्रांना विंडोज १०च लागेल त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा सेवा आहे. शैक्षणिक संस्थांना पहिल्या वर्षी यंत्रामागे १ डॉलर, मग २, मग ४. तीन वर्षं मिळतात. तेवढ्यात जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायचं काम नीट होऊ शकतं.

रानपिंपळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मला हवं होतं त्याहून जास्त मिळालं.

टिपणाचा सांगाडा असा करतोय. जुन्या डेस्कटॉपच्या बदलीचा प्रस्ताव मागे घेऊन त्या रकमेतून आधी सर्व्हर एकत्र करायचे, मग जुन्या यंत्रांना एसएसडी आणि मेमरी. केळफूलताईंची अदलाबदल जशीच्या तशी. रात्रीचं धोरण आणि वेक-ऑन-लॅन संगणक केंद्राकडे, यूपीएस बंद करण्याची जबाबदारी पदनामासह. सर्व्हर रूमचं तापमान सह्यवारा म्हणाले तसं टप्प्याटप्प्याने, आणि देखभाल करारात गळतीचं कलम. निर्लेखन समिती तिमाही. पाऊलवाटसारख्या विद्यार्थ्यांकडून रात्रीची मोजणी वर्षातून दोनदा. वॅटमीटर आजच मागवतोय, परिषदेच्या आधी आमचे आकडे हातात असतील.

एक अडचण शिल्लक आहे. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यालाच माल द्यायचा तर लेखा विभाग विचारणार: कमी बोली का स्वीकारली?

चिंचोके

हा प्रश्न बोली उघडल्यावर येऊच देऊ नका. नोंदणीची अट पात्रतेत घाला, दराच्या तुलनेत नको. ज्याची नोंदणी नाही त्याचं दराचं पाकीट उघडायचंच नाही, म्हणजे 'कमी बोली' असा प्रकारच उरत नाही. कलम साधारण असं लिहा:

'बोलीदार हा ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर पुनर्चक्रणकर्ता अथवा नूतनीकरणकर्ता म्हणून नोंदणीकृत असावा. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत तांत्रिक लिफाफ्यात जोडणे अनिवार्य राहील. प्रमाणपत्राअभावी आर्थिक लिफाफा उघडला जाणार नाही.'

शिवाय माल उचलल्यावर वजनाची पावती आणि प्रक्रियेचं प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत न दिल्यास अनामत जप्त, हेही घाला. मसुदा विधी अधिकाऱ्यांकडून एकदा तपासून घ्या आणि मगच परिषदेपुढे न्या.

पाणकणीस

काकांच्या कलमात एकच भर. नोंदणी बोलीच्या दिवशी वैध आहे का, आणि त्या नोंदणीत संगणक उपकरणांचा प्रकार आहे का, हे दोन्ही पोर्टलवर तपासून त्या पानाची छापील प्रत फाइलला लावा. काहींची नोंदणी फक्त इतर प्रकारच्या उपकरणांसाठी असते.